भाऊबीजेला आता कोण येत नाही?

भाचीच्या लग्नाच्या मांडवात मी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. बुद्धवंदना झाली होती, हार घालून झाले होते, पंगतीत वांग्याची भाजी फिरत होती. मी खांबाला टेकून माझ्या चुलत आत्याला, पारबताबाईला, विचारत होते की तुमच्या मोठ्या बहिणीला शेवटी नेमकं काय झालं होतं. "कायचं काय वं, खानं सुटलं न् सुकून गेली," आत्या म्हणाली. मी ते लिहिलं. पुढचं विचारणार एवढ्यात भावाच्या मुलानं मोबाइल माझ्या हातात दिला. कोल्हापूरहून माझ्या नवऱ्याचा फोन होता. ते एवढंच म्हणाले, "मॅडम गेल्या. सकाळी." मागं लाउडस्पीकरवर कुणीतरी आहेर पुकारत होतं, त्यामुळे मी पुन्हा विचारलं, कोण गेलं? आणि त्यांनी पुन्हा तेच सांगितलं...

त्यानंतर मी काय केलं ते सांगते, कारण त्याची मला अजून थोडी लाज वाटते. मी रडले नाही. मोबाइल पोराला परत दिला आणि आत्याला विचारलं, "मंग किती वर्साची होती ते, गेली तवा?" तो कागद पुरा केला. पारबताबाईच्या दोन्ही बहिणी, त्यांच्या लेकी, लेकींच्या लेकी, सगळ्या लिहिल्या. मग उठून मांडवामागं गेले.

कारण मला तिकडं मॅडमनीच पाठवलं होतं. आठ दिवस आधी मी त्यांच्या खाटेपाशी उभी होते आणि म्हणत होते की मी लग्नाला जात नाही, तुम्हाला अशा टाकून कशी जाऊ. अंगावर फक्त हाडं उरली होती, पण आवाज होता. "खुळी हाईस का? लग्नात सगळ्या लेकी माघारी येत्यात. वरीसभर घरं हिंडून जे गावत न्हाई ते एका मांडवात गावतंय. कोरा कागद घेऊन आलीस तर दारात घेणार न्हाई, सांगून ठेवते." मी म्हटलं, पण तुमची तब्येत... त्या म्हणाल्या, "माझी तब्येत मला ठावं हाय. तू हितं बसून काय करणार? माझ्या तोंडाकडं बघून रडणार. त्याचा कुणाला उपेग?" मी निघाले. जिन्यावर पोचले तेव्हा वरून हाक आली, "वऱ्हाड! खोडरबर घेतलंस काय?"

मॅडम म्हणजे डॉ. सुमती मगदूम. राजारामपुरीत खाली दवाखाना आणि वर राहणं, असं त्यांचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. आवाज असा की आपल्या गल्लीत बोलल्या तर पलीकडच्या गल्लीतला माणूस स्कूटर थांबवून बघायचा. लोक त्यांना पोटाच्या डॉक्टर म्हणून ओळखत. पण त्यांचा जीव अडकला होता तो पोटात अगदी मागं, पाठीच्या कण्याला लागून असलेल्या एका वीतभर अवयवात. त्याला स्वादुपिंड म्हणतात. त्याचा कर्करोग कळतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. सुरुवातीला दुखत नाही, हाताला लागत नाही, सोनोग्राफीत तो पोटातल्या वायूच्या आड लपतो. मॅडमची आई त्यानंच गेली, लेक डॉक्टर होऊन दवाखाना चालवत असताना. तेव्हापासून त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली होती. हा आजार काही घरांत पुन्हा पुन्हा होतो. मग त्या घरांतल्या आज धडधाकट असलेल्या माणसांवर आधीपासून नजर ठेवली, तर तो वेळेत सापडेल का? त्यासाठी त्या घरं शोधत. सापडलेल्या घरातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला वर्षातून एकदा बोलवायचं. वजन, साखर, सोनोग्राफी, शंका आली तर सीटी स्कॅन... आणि सगळं लिहून ठेवायचं. पुण्यातले एक मोठे सर्जन त्या नोंदी वाचून पत्रानं प्रश्न विचारत. बाकी त्या एकट्याच होत्या.

मी वऱ्हाडातल्या धामणगावजवळच्या एका खेड्यातली. सातवीत असताना बाबा गेले आणि शाळा सुटली. नवरा फाउंड्रीत लागला म्हणून नव्वदीच्या सुरुवातीला कोल्हापुरात आले, मंगळवार पेठेत एका खोलीत. इथली भाषा मराठीच, पण पहिलं वर्षभर मला वाटायचं की सगळं गाव माझ्याशी भांडतंय. दुकानदार नुसतं "काय पायजे पावणं?" म्हणाला तरी मी दोन पावलं मागं सरकायची. मुळात मी घाबरट. कुणी हाक मारली की आधी वाटतं आपलं काय चुकलं. मॅडमकडे झाडलोट आणि चहा अशा कामाला लागले तेव्हा पहिल्या दिवशी तोंडातून गेलं, "मॅडम, झाडू कुठीसा हाये, मले दाखवा." त्या इतक्या हसल्या की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. "अगं, हे वऱ्हाड कुठनं आलं!" त्या दिवसापासून माझं कुसुम हे नाव फक्त पगाराच्या दिवशी.

आता जे सांगायचंय ते मॅडमनी स्वतः चारचौघांत कितीदा तरी सांगितलेलं आहे, म्हणून सांगते. पहिली तीन वर्षं त्यांचं काम चुकत होतं. त्यांनी एक फॉर्म छापून घेतला होता. त्यात पहिला प्रश्न होता, 'तुमच्या घरात यापूर्वी कुणाला असा आजार झाला होता का?' पेशंट म्हणायचे, न्हाई. मॅडम 'नाही'वर खूण करायच्या आणि तो फॉर्म गठ्ठ्यात जायचा. गठ्ठा मोठा झाला, घरं सापडेनात. पुण्याच्या डॉक्टरांनीही लिहिलं की कदाचित तुमच्या भागात असं घराण्यातून येणं कमीच असेल.

एका दुपारी हातकणंगल्याचा एक शेतकरी आत तपासून घेत होता, डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. तिला मी चहा दिला. ती आपणहून बोलायला लागली. "ह्यांच्या थोरल्या भैणीला बी असंच पिवळं झालतं. वाळून काटकी झाली आन गेली. मधली परवा दिवाळीत गेली, शिरोळला." मी विचारलं, हे आत डॉक्टरांना सांगितलं का? ती म्हणाली, "त्या कशाला सांगायच्या? त्या दिलेल्या लेकी. बाई तर इचारत्यात, घरात कुणाला हुतं का. घरात कुणाला न्हवतंच की."

दोन दिवस मी हे पोटात ठेवलं. मॅडमना चूक दाखवायची म्हणजे काय... सातवीतनं सुटलेली, चहा करणारी बाई मी. तिसऱ्या दिवशी टेबल पुसता पुसता, त्यांच्याकडं न बघता, सांगून टाकलं. त्या कडाडल्या, "तू मला इचारायचं कसं ते शिकवतीस?" फडकं माझ्या हातातून पडलं. मग त्यांनी गठ्ठ्यातला वरचा फॉर्म घेतला, चष्मा लावला आणि पहिला प्रश्न मोठ्यानं वाचला. "तुमच्या. घरात." पुन्हा वाचला. मग खुर्चीत मागं टेकून म्हणाल्या, "आमच्या दारात हेळवी येतो, ठाऊक हाय तुला? बैलावर पोथ्या लादून. घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतो. पोथीत माझा भाऊ हाय, भावाचा पोरगा हाय. मी न्हाई. आई न्हाई. परकरात असताना मी त्याच्या बैलापुढं आडवी झालते, माझं नाव लिव म्हणून. आन आता मीच त्याची पोथी छापून घेतली की गं!"

तो सगळा गठ्ठा त्यांनी पाठकोरे कागद म्हणून वापरायला काढला, आणि ज्यांनी 'नाही' म्हटलं होतं त्या प्रत्येक घरी पुन्हा जायचं ठरवलं. बरोबर मला घेतलं. "लोक मला उत्तर देत्यात, तुला खरं सांगत्यात," असं त्यांचं म्हणणं. एसटीनं, रिक्षानं, कधी कुणाच्या ट्रॅक्टरवर बसून आम्ही हिंडलो. सुरुवातीला आम्ही 'बहिणी किती?' असं विचारायचो, तर लोक जिवंत असलेल्याच सांगायचे. एका घरी मला सुचलं ते मी बोलून गेले. "दादा, भाऊबीजेला कोण कोण येतं?" तो माणूस बोटं मोजायला लागला. दोन बोटं झाली. मग मी विचारलं, "आधी यायची, आता कोण येत नाही?" त्यानं बोटं मिटली. आतून, चुलीपाशी बसलेल्या त्याच्या आईचा आवाज आला, "नागू. आन सोनाबाई. चार निरांजनं लागायची ह्या घरात." मॅडमनी माझ्याकडं बघितलं. बाहेर पडल्यावर रस्त्यातच पेन काढून फॉर्मवरचा पहिला प्रश्न खोडला आणि माझा लिहिला.

त्या एका प्रश्नानं घरं सापडायला लागली. कागदावर माणसं मांडायची रीतही त्यांनीच मला शिकवली. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. हा आजार झाला असेल तर आतून काळं करायचं, माणूस गेला असेल तर तिरकी रेघ. माझी वर्तुळं शेंगदाण्यासारखी यायची. मग त्यांनी टिंक्चरच्या बाटलीचं झाकण धुऊन माझ्या हातात दिलं. झाकण ठेवून वर्तुळ, खोडरबर ठेवून चौकोन. "शाळा सुटली म्हणून काय झालं, हात न्हाई सुटला," म्हणाल्या. कागदावर हळूहळू काळी वर्तुळं दिसायला लागली, जी आधीच्या गठ्ठ्यात कुठंच नव्हती. त्या बायका आजारानं गेल्या होत्या आणि त्याआधीच हिशेबातनंही गेल्या होत्या, लग्न करून.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. डॉक्टरांच्या एका बैठकीत मॅडमनी हे कागद भिंतीवर लावले. मी मागं चहाच्या किटल्यांपाशी होते. एक नामांकित डॉक्टर हसत म्हणाले, "मॅडम, सापडून करणार काय? ह्या रोगाला औषध न्हाई. चांगल्या माणसाला बोलवून आधीच मारायचा काय?" सगळे हसले. मॅडम उठल्या. "मरायचा दिवस मला ठाऊक न्हाई डॉक्टर. तुम्हाला ठाऊक असला तर सांगा, म्हंजे मी शोधायचं सोडते." मग थोडं थांबून, "लहान असतानाच गावला तर काढता येतो. काढता येतो हे तुम्हाला बी ठाऊक हाय. गावत न्हाई, हे दुखणं हाय. मग शोधायचं न्हाई तर काय, टाळ्या वाजवायच्या?" कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर मला म्हणाल्या, "चहा बरा झालता." बस्स.

आणि एवढं सगळं होत असताना मी एक गोष्ट मॅडमपासून लपवून ठेवली होती. दुसऱ्यांची उत्तरं लिहिताना माझा हात थांबायचा. डोळे पिवळे झाले होते, पण पोट दुखत नव्हतं... माझे बाबा असेच गेले. घरात म्हणतात, कावीळ झाली. मांत्रिकाकडं नेलं, पाला खाऊ घातला. थोरली आत्या वर्ध्याकडं दिलेली, तीही वाळून गेली. धाकटीही तशीच गेली; तिच्या घरी तर मी महिनाभर तिचं करायला राहिले होते. हे सगळं मी स्वतःच्या कागदावर कधी मांडलंच नाही. वाटायचं, मांडलं की ते खरं होईल.

मॅडमना कसं कळलं ते अजून नीट ठाऊक नाही. बहुतेक माझ्या तोंडावरून. एका शनिवारी काम आटपल्यावर त्यांनी समोर कोरा कागद ठेवला, वर ते झाकण ठेवलं. "वऱ्हाड, भाऊबीजेला तुझ्या घरी आता कोण येत न्हाई?" मी रडायला लागले. त्यांनी पाणी दिलं नाही, पाठ थोपटली नाही. बसून राहिल्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "हं. आता आत्यापासनं सुरू कर." मी तीन काळ्या खुणा केल्या. खाली एक चौकोन, माझा भाऊ. त्याच्या शेजारी एक वर्तुळ. मी विचारलं, "हे मी काय?" त्या म्हणाल्या, "व्हय. आन बग, पांढरं हाय. पांढरं हाय तवर त्याच्यावर नजर ठेवायची. भ्यायला किती येळ लागतो तुला? दिवसाला तासभर भी. बाकीचा येळ काम कर." त्यानंतर दरवर्षी त्यांनी मला तपासलं. दरवर्षी मी आधीचा आठवडा जेवले नाही, आणि दरवर्षी त्या माझ्या वजनाच्या आकड्याकडं बघून ओरडल्या, की भीतीनं कमी झालेलं वजन मी कुठल्या रकान्यात लिहू?

पण माझा भाऊ प्रल्हाद ऐकेना. तो गावी, मी इथं. फोनवर म्हणायचा, "आपल्या घरात कोनालेच नाही वं. बाबा कावीळनं गेले. आत्याइचं काय, त्या परक्या घरच्या." हे मी इतक्या घरांत ऐकलं होतं, आणि आता माझ्याच भावाच्या तोंडून. मी चिडून म्हणाले, मग मीही परक्या घरचीच की. तो म्हणाला, "तसं नाही वं..." पण तसंच होतं. एका वर्षी दिवाळीला मी घरी गेले तर तो वाळलेला दिसला. वहिनी म्हणाली, शुगर निघाली, गोळ्या चालू हायेत. भाऊ हसला. "शुगर त आजकाल कोनालेबी होते." पंचेचाळिशीचा बारीक माणूस, घरात कुणाला मधुमेह नाही, खाणं तेच आणि पँट कमरेवरून घसरतेय. मॅडमच्या वहीत ह्या आजाराच्या खुणा म्हणून हे सगळं एका खाली एक लिहिलेलं मी शंभरदा वाचलं होतं. ओवाळताना निरांजन माझ्या हातून कलंडलं.

कोल्हापूरला येऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथं गावी फोन लावायला सांगितला. एवढ्या मोठ्यानं बोलत होत्या की फोनची गरज नव्हती. "पावणं, मी तुमच्या भैणीची डॉक्टर. तुम्ही येणार हाय का मी येऊ? मी आले तर तुमच्या चावडीवर बसून तुमची सोनोग्राफी करीन." भाऊ घाबरला की काय कोण जाणे, पण तो गोंदिया गाडीनं आला. सोनोग्राफीत काही दिसलं नाही. त्याला आनंद झाला, "पाह्य, म्या सांगतलं होतं ना." मॅडम म्हणाल्या, "दिसलं न्हाई म्हंजे न्हाई असं न्हाई. उद्या सीटी." सीटीमध्ये स्वादुपिंडाच्या शेपटाकडं एक बोराएवढी गाठ दिसली. फक्त तिथंच. बाहेर कुठं नाही. मॅडम फिल्म उजेडापुढं धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या. "गावलास," त्या हळू म्हणाल्या. माझ्या भावाला नव्हे, त्या गाठीला.

पुण्याला, पत्रानं प्रश्न विचारणाऱ्या त्याच सर्जननी ऑपरेशन केलं. मोठं झालं, बरेच दिवस अवघड गेले, औषधं झाली, त्याला आजही इन्शुलिन घ्यावं लागतं. पण तो आहे. मॅडम म्हणायच्या, एका माणसावरनं काही सिद्ध होत नाही, उगाच गावभर सांगत हिंडू नको. मी सांगत हिंडले. आजही सांगते.

मॅडम स्वतःही त्या वहीत होत्या. आई त्यानं गेलेली, म्हणून त्यांचंही वर्षाला एकदा सगळं व्हायचं. गेल्या वर्षी झालं, ठीक निघालं. यंदा हिवाळ्यात त्यांचा डोळा पिवळा दिसला, आधी मला आणि मग त्यांना. माझ्या तोंडाकडं बघूनच त्या आरशाकडं गेल्या. तपासलं तेव्हा ते पसरलेलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांना त्यांनी स्वतःच फोनवर सांगितलं, एखाद्या पेशंटचं सांगावं तसं.

दोन दिवसांनी त्यांनी मला वर बोलावलं. गेल्या वर्षीची स्वतःची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली होती. "हे बग." मी म्हटलं, मला त्यातलं काय कळतंय. "कळाय पायजे असं न्हाई, बग. ही नळी. इथं जराशी रुंद हाय. गेल्या वर्षीच हुती. मी बघितली, आन वय झालं म्हणून सोडली." मी म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरांनीही सोडली असेल. त्या म्हणाल्या, "त्यांनी मला इचारलं, मॅडम ठीक हाय न्हवं? मी म्हटलं, ठीक हाय. माझी फिल्म म्हणून मी मायेनं बघितली. तुझ्या भावाची असती तर सोडली असती काय? न्हाई सोडली." मग वही पुढं सरकवली. "लिव. चुकलं ते लिव. आपली फिल्म आपण वाचायची न्हाई. दोघांनी वाचायची, एकमेकाला न इचारता." मी लिहीत होते आणि अक्षरं ओली होत होती. त्या म्हणाल्या, "वही भिजवू नको. पुढच्याला वाचायची हाय."

लग्नाहून परत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढच्या आठवड्यात शोकसभा झाली. बोलणारे चांगलं बोलले. एक गृहस्थ मात्र, मनापासूनच असेल, म्हणाले की केवढा हा दैवदुर्विलास, आयुष्यभर ज्याचा माग काढला त्यानंच शेवटी त्यांना गाठलं, निसर्गापुढं माणूस हरतोच. सभागृहात सुस्कारे निघाले. मी आयुष्यात कधी माइकसमोर उभी राहिलेली नाही. कशी उठले ते ठाऊक नाही. म्हणाले, "मी मॅडमकडं चहा करायची. हरल्या बिरल्या नाहीत त्या. ज्या दिवशी त्या गेल्या त्या दिवशी सकाळी माझा भाऊ लेकीच्या वरातीपुढं नाचत होता. त्याच्या कमरेचा पट्टा नव्या भोकात गेलाय, बाहेरच्या. मॅडमचं निसटलं, तर कुठं निसटलं ते त्यांनी लिहून ठेवलंय. तुम्ही वाचलंय का?" खाली बसले. शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात धरून ठेवला.

लोक म्हणतात, आता काय होणार? काय व्हायचंय? मॅडमच्या हाताखाली तयार झालेल्या तरुण डॉक्टर शनिवारी दवाखाना उघडतात. फिल्म दोन ठिकाणी जाते, वेगवेगळ्या पाकिटांत, नाव झाकून. मी कागद करते. भाऊ परवा फोनवर म्हणाला, "कुसुम, मॅडमले आपल्या कागदावर घे ना. आपल्या घरातलंच मानूस गेलं वं." मी त्याला सांगितलं, तसं करता येत नाही, रक्ताचं नातं नसलेलं माणूस कागदावर घेतलं तर मॅडम वरून खाली येतील आणि दोघांच्या कानाखाली वाजवतील. तो हसला.

मागच्या शनिवारी सगळे गेल्यावर मी मगदूम घराण्याचा कागद काढला. टेबलाच्या खणात झाकण होतं, काठ झिजून गुळगुळीत झालेलं, आणि अर्धं संपलेलं खोडरबर. मॅडमचं वर्तुळ त्यांनी स्वतःच्या हातानं काढलेलं, झाकणाशिवाय, गोल. तीन आठवडे मला ते काळं करवत नव्हतं. त्या दिवशी केलं. कडेपर्यंत केलं, पांढरं कुठं सोडलं नाही. तिरकी रेघ मारली. त्याच्या खालच्या ओळीत त्यांच्या भावाची दोन मुलं, एक चौकोन, एक वर्तुळ. दोन्ही पांढरी. वर्तुळ म्हणजे मॅडमची भाची. चाळिशीची आहे, सांगलीला दिलेली. तिला मॅडमनी तीनदा बोलावलं होतं. ती कधी आली नाही.

मी तिथूनच फोन लावला. ती म्हणाली, "अवो, मी आता सासरची की. त्या घराण्याचं मला कशाला?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका मोठा निघाला. मी म्हटलं, "पोटाला सासर-माहेर नसतं बाई. शनिवारी ये. उपाशीपोटी ये. आणि येताना वडिलांना एवढंच विचारून ये, यंदापासून भाऊबीजेला कोण येणार नाही."

पलीकडं बराच वेळ काही आवाज नव्हता. मी घाई केली नाही. अशा वेळी थांबायचं असतं, हे मला शिकवलेलं आहे. मग ती म्हणाली, "...आत्या." आणि थोड्या वेळानं, "कितीला येऊ?"